जुन्या घराचे वासे बेडरूमच्या भिंतीवर चढवताना

प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातलं जुनं कौलारू घर उतरवलं. त्यातले वासे, रिपा आणि माळ्याच्या फळ्या जपून ठेवल्या आहेत. बेळगावातल्या नव्या घरात पलंगामागची १० फूट रुंद, ९ फूट उंच भिंत त्या लाकडाने मढवायची आहे. मिस्त्री म्हणतो, फळ्या रंधून थेट प्लास्टरवर चिकटवू आणि वरून खिळे मारू. तसं करावं का?

तसं अजिबात करू नका. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत आणि भिंतीतही ओल असते. थेट चिकटवलेली फळी मागून ओल पिते, पुढून पंख्याच्या वाऱ्याने सुकते आणि दोन्हीकडच्या कडा उचलून पन्हळासारखी वाकते. खिळा घट्ट असेल तर वाकण्याऐवजी चिरते. मागे हवा खेळायला जागा नसल्याने बुरशी धरते, आणि ती दिसत नाही. पावसाळ्यात खोलीत कुबट वास यायला लागला की मग कळते. म्हणून भिंतीवर आधी रिपांची चौकट आणि तिच्यावर फळ्या. त्याच्याही आधी भिंत आणि लाकूड दोन्ही तपासायचं. चढवायला दोन सुतारांना तीन दिवस पुरतात, तयारीला मात्र दीड ते दोन महिने धरा. ही तयारी टाळूनच बहुतेक भिंती बिघडतात.

आधी भिंत. पलंगामागची भिंत बाहेरची आणि पश्चिम किंवा नैर्ऋत्येची असेल तर पावसाची झड तिच्यावरच बसते. पलीकडे बाथरूम असेल तर नळाच्या जोडाची गळती आत मुरत असते. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. शक्यतो पावसाळ्यातच करा, एप्रिलमध्ये केलेल्या या चाचणीला फारसा अर्थ नाही. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला दव धरलं तर ती खोलीच्या हवेतली ओल आहे, खिडकी उघडी ठेवून तिचा बंदोबस्त होतो. भिंतीतून ओल येत असेल, किंवा रंगाला फोड येऊन खाली लोणा (पांढरा खार) लागला असेल, तर बाहेरून प्लास्टरच्या भेगा भरून वॉटरप्रूफिंग होईपर्यंत लाकडाला हात लावू नका. लाकूड लावून ओल झाकली जाते, थांबत नाही. ओल थांबणारच नसेल तर दुसरी भिंत निवडा.

आता लाकूड. आपल्या भागातल्या घरांत सगळं सागवान असतं हा समज चुकीचा आहे. खानापूर, जांबोटी, लोंढा बाजूच्या घरांत चौकटी आणि दारं सागाची, पण वासे पुष्कळदा ऐन, किंजळ, नाणा किंवा जांभ्याचे असतात. (हा जांभा म्हणजे झाड, दगड नव्हे.) वखारीत कन्नड नावं कानावर पडतात, ती माहीत असू द्या: मत्ती म्हणजे ऐन, होन्ने म्हणजे बिवळा, नंदी म्हणजे नाणा, जंबे म्हणजे जांभा, बीटे म्हणजे शिसव. ओळखायला एका टोकाला रंध्याचा एक हात मारा. साग हाताला तेलकट लागतो आणि कातड्यासारखा वास येतो. ऐन गडद तपकिरी, जड आणि रंध्याला कडक. बिवळ्याचा भुसा पाण्यात टाकला की पाणी रंग धरतं आणि उजेडात निळसर झाक मारतं. हे लाकूड ओलं झालं की पिवळे डाग सोडतं, म्हणून पांढऱ्या भिंतीला लागून नको. फणस पिवळा असतो आणि उजेडाने हळूहळू तपकिरी होतो, वापरायला उत्तम. आंब्याच्या फळ्या मात्र बाजूला काढा, त्यांना कीड फार लवकर लागते.

वजनाचा अंदाज हवा. १२ एमएम जाडीची सागाची फळी चौरस मीटरला साधारण ८ किलो भरते, ऐनाची १० किलो. तुमची भिंत ८.४ चौरस मीटरची, म्हणजे सागाचे ६५ ते ७० किलो आणि ऐनाचे ८५ किलो. रिपांवर हे वजन आरामात पेलतं. फळ्या २० एमएम जाड ठेवल्या तर ऐनाचं वजन १४० किलोवर जातं, आणि दिसण्यात काहीच फरक पडत नाही.

एक विनंती कळकळीने करतो. कोरीव खांब, गणेशपट्टीची चौकट, अखंड तुळई हे कापून पट्ट्या करू नका. तसं काम आता कोणी करून देत नाही. ते जसंच्या तसं कुठेतरी उभं करा. भिंतीसाठी वासे, रिपा आणि माळ्याच्या फळ्या भरपूर झाल्या.

काही लाकूड बेडरूममध्ये मुळीच आणायचं नाही. रेल्वेचे जुने स्लीपर दिसायला देखणे असतात, पण त्यांत पुष्कळदा क्रिओसोट (लाकूड टिकवायचं डांबरी तेल) मुरवलेलं असतं आणि ते उन्हाळ्यात खोलीभर वास सोडतात. वाळवीसाठी डांबर, जळकं इंजिन ऑइल किंवा काजूच्या टरफलाचं तेल पाजलेले वासेही नकोत. चंदगड-खानापूर बाजूला काजूचं तेल वाशांना लावायची पद्धत होती. त्याने कातडीवर फोड येतात आणि रंधताना ते सुताराच्या अंगावर उडतं. निपाणीकडच्या तंबाखूच्या जुन्या वखारीतलं लाकूड मिळत असेल तर एक फळी आठवडाभर बंद खोलीत ठेवून वास घेऊन पाहा, मगच उचला. जुना ऑइलपेंट असलेली दारं-फळ्या कोरड्या घासू नका आणि रंग गॅसच्या ज्योतीने जाळू नका. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं असणार असंच धरून चाला. तो रंग पेंट रिमूव्हरने मऊ करून ओला असतानाच खरवडायचा आणि खरवड पिशवीत बांधून टाकायची. घरात लहान मूल असेल तर रंगवलेलं लाकूड सोडूनच द्या.

चुलीवरचे वासे हा वेगळा विषय आहे. स्वयंपाकघरावरचे वासे पन्नास-साठ वर्षांच्या धुराने काळे कुळकुळीत झालेले असतात, आणि धुरामुळे त्यांना कीडही कमी लागलेली असते. भिंतीवर लावल्यावर जो खोल काळा-तांबूस रंग येतो तो कुठल्याही पॉलिशने येत नाही, म्हणून हे वासे फेकू नका. पण बोट फिरवा: बोटाला तेलकट काजळी लागते. ती तशीच राहिली तर उशीला, चादरीला, केसांना लागेल, आणि श्वासातून आत जायलाही ती चांगली नाही. बादलीभर कोमट पाण्यात दोन मूठ धुण्याचा सोडा घाला, ताठ काथ्याच्या ब्रशने रेषेच्या दिशेने घासा आणि लगेच फडक्याने पुसून काढा. दुसऱ्या हाताला पाणी काळं न होता चहासारखं तपकिरी येतं, तिथे थांबा. आणखी घासलं तर रंगच जातो. वाळल्यावर चपडीचं (लाखेचं) पॉलिश पातळ करून दोन हात द्या. चपडी उरलेली काजळी आणि धुराचा वास दोन्ही आत कोंडून ठेवते. फिनिशिंगचा कोट त्याच्यावर.

बाकीच्या लाकडाची साफसफाई अशी. भिंतीत गाडलेली वाशांची टोकं ६ इंच सरळ कापून टाका. तिथेच ती कुजलेली असतात आणि वाळवीच्या नळ्या असतात. खिळे जंबूर आणि पहारीने काढा. डोकं तुटलेला खिळा आतच राहतो, म्हणून प्रत्येक वाशावरून जाड चुंबक किंवा हातातला मेटल डिटेक्टर फिरवा आणि शंकेच्या जागी खडूने गोल करा. हे केलं नाही तर सॉ मिलवाला पहिल्या ठिणगीला पातं थांबवतो आणि पात्याचे पैसेही मागतो, ते रास्तच आहे. खिळ्याभोवतीचा काळा डाग काढायचा प्रयत्न करू नका. लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनने तो आलेला असतो, आणि जुन्या लाकडाची ओळखच ती आहे.

चिरण्याचं गणित. वासा ३ बाय २ इंचाचा, ८ फूट लांब आहे असं धरा. रुंद बाजूला समांतर चिरला तर १२ एमएमच्या तीन पट्ट्या निघतात, पात्यात ५ ते ६ एमएम जातात, उरलेलं रंधण्यात. दोन बाहेरच्या पट्ट्यांना जुना चेहरा राहतो, मधली ताजी कोरी असते. टोकं कापून ७ फूट लांबी आणि कडा सरळ करून ७० एमएम रुंदी उरते, म्हणजे एका वाशातून सुमारे ४.८ चौरस फूट. भिंत ९० चौरस फूट. जुन्या लाकडात गाठी, चिरा, भोकं निघतात म्हणून २५ टक्के जास्त, म्हणजे ११२ चौरस फूट धरायचे. त्याला २४ वासे लागतील, वखारीच्या हिशेबात ८ घनफूट. सगळीकडे जुनाच चेहरा हवा असेल तर वाशाला दोनच पट्ट्या धरा आणि ३५-३६ वासे मोजा. माझ्या मते मधल्या पट्ट्याही वापराव्यात. सगळी भिंत एकसारखी काळपट झाली की खोली लहान वाटते. दोन जुन्यांमागे एक ताजी असेल तर डोळ्याला बरं. रंधा फक्त मागच्या बाजूला आणि कडांना लावायचा. पुढचा चेहरा एकदा रंधला की परत येत नाही.

लाकूड गावाहून आणण्याआधी वन खात्याच्या रेंज ऑफिसात विचारून घ्या. कर्नाटक वन कायदा १९६३ खाली लाकडाच्या वाहतुकीवर नियंत्रण आहे. घर उतरवतानाचे फोटो, घराचा उतारा आणि पंचायतीचा दाखला जवळ ठेवा. चंदगड किंवा गडहिंग्लजकडून राज्याची हद्द ओलांडून आणायचं असेल तर आधी पासची चौकशी केल्याशिवाय टेम्पो भरूच नका.

कीड आहे की नाही हे नुसतं भोक पाहून कळत नाही, भोकं तीस वर्षांपूर्वीची असू शकतात. पट्टी आपटून झटकून घ्या, भोकांवर खडू घासा आणि काळ्या कागदावर तीन आठवडे आडवी ठेवा. मैद्यासारखं बारीक पीठ कागदावर पडलं, किंवा खडू फोडून नवं भोक दिसलं, तर किडा जिवंत आहे. हा किडा गाभ्याच्या वाटेला सहसा जात नाही, कडेचा पांढरा भाग खातो. म्हणून चिरतानाच पांढरी कड जितकी काढता येईल तितकी काढा. अर्धं औषध तिथेच झालं.

उरलेल्या अर्ध्यासाठी बोरिक पावडर आणि टाकणखार (बोरॅक्स). ६ लिटर गरम पाण्यात १२० ग्रॅम बोरिक आणि १८० ग्रॅम टाकणखार पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. हे ५ टक्क्यांचं पाणी ११२ चौरस फुटांच्या दोन्ही बाजूंना पुरतं. अर्ध्या-अर्ध्या तासाने तीन हात द्या, कापलेल्या टोकांना पाच. मग पट्ट्या एकावर एक रचून प्लास्टिकमध्ये तीन दिवस गुंडाळून ठेवा, म्हणजे औषध वरच्या वर न सुकता आत उतरेल. लाकडावर पॉलिश, तेल किंवा रंग असेल तर हे पाणी आत शिरतच नाही, म्हणून ते कोऱ्या लाकडावर आणि चपडीच्या आधी. वाळल्यावर पांढरे कण दिसले तर ओल्या फडक्याने पुसा. हातमोजे घाला, भांडं स्वयंपाकाचं वापरू नका. क्लोरपायरीफॉससारखी वाळवीची औषधं झोपण्याच्या खोलीतल्या लाकडाला लावू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

यानंतर वाळवणं, आणि इथे घाई नडते. ज्या खोलीत लावायचं त्याच खोलीत, दर दीड फुटावर पाऊण इंची पट्ट्या घालून थप्पी रचा आणि पंखा लावून ठेवा. तीन आठवडे लागतात. मॉइश्चर मीटर १२ टक्क्यांच्या आसपास दाखवेल तेव्हा लाकूड तयार. मीटर नसेल तर दोन पट्ट्यांवर खूण करून दर आठवड्याला किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करा. आठवडाभर वजन हललं नाही की झालं. काम दसऱ्यानंतर ते संक्रांतीच्या दरम्यान बसवा. मे महिन्यात कडक वाळलेल्या फळ्या दाट बसवल्या तर जुलैत फुगून एकमेकींना ढकलतात आणि मधून भिंतीपासून सुटतात. ऑगस्टमध्ये दाट बसवल्या तर एप्रिलमध्ये फटी उघडतात. सागाची १५० एमएम रुंद फळी ओल ५ टक्क्यांनी बदलली की सुमारे दीड एमएम कमी-जास्त होते. ऐन त्याहून जास्त. तुमच्या ७० एमएमच्या पट्टीला दोन ओळींत दीड ते दोन एमएम फट पुरेल. फटीतून पांढरी भिंत डोकावू नये म्हणून ती आधी काळ्या किंवा गडद तपकिरी इमल्शनने रंगवा, रिपांचे पुढचे चेहरेसुद्धा.

चौकट. पट्ट्या आडव्या लावायच्या तर रिपा उभ्या, म्हणजे मागची हवा खालून वर जाते. ४५ बाय २० एमएमच्या रिपा दर १५ इंचांवर घ्या, १० फुटांना ९ रिपा होतात. स्कर्टिंगच्या वर १० एमएम आणि छताखाली १० एमएम मोकळं सोडा, आणि दोन्ही फटींत बारीक स्टेनलेस जाळी बसवा, नाहीतर पाली आणि झुरळं आत संसार थाटतील. रीप कुठेही जमिनीला टेकू नये. प्रत्येक रिपेला दीड फुटावर एक असे सात स्क्रू, म्हणजे एकूण ६३ गिट्ट्या (स्क्रू धरायला भिंतीत घालायचे प्लग). विटांच्या भिंतीला ८ एमएमची गिट्टी आणि ७५ एमएमचा स्क्रू: २० एमएम रिपेत, १५ ते २० प्लास्टरमध्ये, बाकीचे विटेत. जांभ्या दगडाच्या भिंतीत हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवून भोक पाडा. हॅमर लावला की दगड भुगा होऊन भोक मोठं पडतं आणि गिट्टी स्क्रूबरोबर गरगर फिरते. तिथे १०० एमएमचा स्क्रू आणि लांब फ्रेम-फिक्सिंग गिट्टी वापरा. मातीच्या दर्जेत (दोन दगडांमधल्या सांध्यात) भोक आलं तर ते सोडून दोन इंच बाजूला घ्या. सगळ्या रिपांच्या चेहऱ्यांवर सुतळी ताणून पाहा. भिंत पोटात गेली असेल तिथे रिपेमागे प्लायचे तुकडे घाला, भिंत फुगली असेल तिथे रीप मागून तासा. पाणसळ हाताशी असू द्या, डोळ्यावर जाऊ नका.

विजेचा बोर्ड या भिंतीवर असणारच. लाकूड ३२ एमएम पुढे येणार, म्हणून बोर्डाचा बॉक्सही तेवढाच पुढे आणून लाकडाच्या चेहऱ्याशी सपाट बसवा. वायरचा जोड फळीमागच्या पोकळीत सोडणं म्हणजे आगीला आमंत्रण. हे इलेक्ट्रिशियनकडूनच, मेन बंद करून करून घ्या.

फळ्या चढवण्याआधी सगळी मांडणी जमिनीवर करा. जाडीने तीन ढीग लावा: १० ते ११, १२, आणि १३ ते १४ एमएम. बसल्यावर पाठ आणि डोकं जिथे टेकतं, म्हणजे जमिनीपासून चार-साडेचार फुटांपर्यंत, एकाच ढिगातल्या पट्ट्या घ्या आणि १२० मग १८० च्या कागदाने हात फिरवून कुसळ लागणार नाही इतक्या गुळगुळीत करा. वरच्या भागात जाड-पातळ चालतं. तिथे ८० च्या कागदाने नुसता मळ काढा, खडबडीतपणा राहू द्या. घासताना एन-९५ मास्क लावाच. वरून एलईडी पट्टीचा उजेड पाडणार असाल तर प्रत्येक उंचवटा सावली टाकतो, हे लक्षात ठेवून जाडीतला फरक तीन एमएमच्या आत ठेवा.

पहिली ओळ खालून, पाणसळीत. जमीन तिरकी असली तरी ओळ जमिनीप्रमाणे नको, फरक स्कर्टिंगजवळच्या फटीत लपतो. जोड रिपेवरच यायला हवा आणि शेजारच्या दोन ओळींतले जोड एकमेकांपासून किमान ८ इंच दूर. प्रत्येक रिपेवर पट्टीच्या मधोमध एकच एफ-३० पिन (पिन-गनची ३० एमएमची बारीक खिळी) आणि मागे पीयू (पॉलीयुरेथेन) ॲडहेसिव्हचा वाटाण्याएवढा ठिपका. वर-खाली दोन पिना मारल्या तर दोन्ही कडा जखडल्या जातात आणि पट्टी मधून चिरते. ऐन आणि जांभ्यात पिन वाकते, तिथे दीड एमएमचं भोक पाडून हाताने बारीक खिळा मारा. दोन्ही बाजूंच्या भिंतींशी ५ एमएम सोडून पातळ गोळा (फट झाकणारी लाकडी पट्टी) मारा, तो बाजूच्या भिंतीला न ठोकता चौकटीला.

फिनिशिंगला वॉटर बेस मॅट पीयूचे दोन हात. वास लवकर जातो आणि चकाकी येत नाही. मागच्या बाजूलाही एक हात लावण्याआधीच द्या, म्हणजे दोन्हीकडून ओल सारखीच आत-बाहेर होते. कच्चं जवसाचं तेल लावायची जुनी सवय आपल्याकडे आहे, पण पावसाळ्यात त्याच्यावर बुरशी धरते. तेलच हवं असेल तर डबल बॉइल्ड घ्या, आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटतात. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

पहिल्या मे महिन्यात आणि पहिल्या जुलैत पलंग एक फूट पुढे ओढून बॅटरीच्या उजेडात भिंत खालपासून पाहा. सुटलेल्या पट्टीत एक पिन मारली की भागतं. स्कर्टिंगवर पिठाची बारीक रांग दिसली तर तिच्या बरोबर वरची पट्टी काढून बदला. म्हणूनच उरलेल्या आठ-दहा पट्ट्या, औषध दिलेल्या आणि पॉलिश केलेल्या, माळ्यावर बांधून ठेवायच्या असतात.